पायलटचं उदाहरण देताय, तर ते पूर्ण सांगा

एक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातले दोघं डॉक्टर. सारांश असा: विमानात बसल्यावर आपण पायलटला शिकवत नाही, मग डॉक्टरांना प्रश्न का विचारतो? प्रश्नोत्तरांत वेळ जातो, बाहेरचे पेशंट ताटकळतात. धोके ऐकून रुग्ण घाबरतो आणि भलतंच ठरवतो. तेव्हा डोळे मिटून विश्वास ठेवा, निम्मं दुखणं तिथेच पळतं.

त्यामागचा त्रागा मला कळतो. अर्धवट वाचून डॉक्टरांशी भांडायला येणारे नातेवाईक मीही पाहिलेत. गेली सहा वर्षं मी रुग्णांसोबत तपासणीला जाते, त्यांचे प्रश्न आधी कागदावर उतरवते, उत्तरं लिहून घेते. पण त्या संदेशातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

आधी पायलट. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की दुसरं विमान अजून धावपट्टीवरच आहे. त्यानं तसं विचारलंही. कॅप्टन अतिशय अनुभवी, मानाचे. त्यांनी ठामपणे त्याची शंका उडवून लावली आणि विमान धावतच राहिलं. या आणि अशा अपघातांनंतर विमान क्षेत्रानं प्रशिक्षणच बदललं: हाताखालच्यानं शंका बोलून दाखवायची, कॅप्टननं ती ऐकून घ्यायची. म्हणजे ज्या क्षेत्राचा दाखला देऊन रुग्णाला गप्प बसवलं जातंय, ते क्षेत्र प्रश्न विचारायला लावूनच सुरक्षित होत गेलं.

कुणी म्हणेल, इंजिनिअर जाणकार होता, रुग्ण कुठे असतो? पण ड्युटी बदलते, वॉर्ड बदलतो, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात, आणि या सगळ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर असतो तो एकटा रुग्णच. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी तपासयादी आणली. तिच्यात भूल देण्याआधीची पहिलीच नोंद अशी आहे: रुग्णानं स्वतःची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, शस्त्रक्रिया कोणती आणि संमती, हे सगळं पक्कं केलं आहे का?

आणि सगळेच निर्णय नुसत्या ज्ञानानं सुटत नाहीत. हे मी बाबांमुळे शिकले. त्यांना प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कर्करोग निघाला, त्या ग्रंथीपुरताच मर्यादित. "लगेच काढून टाकू," असं सांगितलं गेलं, आम्ही सही केली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. नंतर लघवीवरचा ताबा मात्र पूर्ण परत आला नाही. प्रवासाची हौस असलेला माणूस चार तासांच्या बसप्रवासालाही नाही म्हणू लागला. एका संध्याकाळी ते म्हणाले, "दुसरा काही मार्ग होता का गं?"

होता. ब्रिटनमध्ये अशाच मर्यादित कर्करोगाच्या १,६४३ पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. काहींवर नियमित तपासण्या करत नुसतं लक्ष ठेवलं, काहींवर शस्त्रक्रिया केली, काहींना रेडिएशन दिलं. पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ साली आले. या कर्करोगानं दगावलेले सुमारे २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत त्यात लक्षणीय फरक नाही. फरक होता जगण्यात. शस्त्रक्रियेनंतर लघवीच्या आणि लैंगिक तक्रारी जास्त, रेडिएशननंतर आतड्यांच्या. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत आजार पसरण्याचं प्रमाण जास्त, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे उपचार घ्यावेच लागले. आता यात बरोबर काय? बाबांनी कदाचित शस्त्रक्रियाच निवडली असती. आजार अंगात ठेवून झोप लागत नाही असं म्हणणारी माणसं असतात आणि त्यांचंही खरं असतं. पण ते ठरवायला बाबांना प्रवास किती प्रिय आहे हे कुणीतरी विचारायला हवं होतं. डॉक्टरांचा हात चुकला नाही, प्रश्न विचारायचा राहिला. त्यांच्याकडून राहिला आणि माझ्याकडूनही.

वेळेचा मुद्दा थोडक्यात. स्वित्झर्लंडमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना सांगितलं, रुग्णाला मध्ये न तोडता बोलू द्या. २००२ साली निष्कर्ष छापून आले: ३३५ रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले, दोन मिनिटांत ७८ टक्के आपणहून थांबले. बाहेरची गर्दी खरी आहे, पण ती या दोन मिनिटांनी झालेली नाही.

"घाबरून चुकीचं ठरवतील" हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात २०१५ साली नेमका यावरच निकाल झाला. नदीन मॉन्टगोमेरी यांना मधुमेह होता, चण लहान, बाळ मोठं. प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के होती. डॉक्टरांनी ती सांगितली नाही, कारण सांगितली तर बायका सिझेरियनच मागतील असं त्यांना वाटत होतं. खांदे अडकले, बाळाला कायमचं अपंगत्व आलं. न्यायालयानं म्हटलं की त्या जागी असलेल्या समंजस रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगायलाच हवा. बाई काय निवडेल हे आधीच ओळखून तिच्यापासून माहिती लपवणं, याला मी काळजी म्हणू शकत नाही.

राहिला विश्वास. तो हवाच, त्यानं बळ येतं. बाबांचा होता. पण परिणाम आधी कळले असते तर तो टिकला असता. नंतर कळले, तेव्हापासून ते कुठल्याच डॉक्टरांकडे मोकळेपणानं जात नाहीत.

रुग्ण बेशुद्ध असेल, जीव जात असेल, तर चर्चा करत बसा असं कुणीच म्हणत नाही. काही जणांना ठरवायचं ओझंच नको असतं, तेही मान्य. मागच्या महिन्यात अर्धशिशीच्या एका बाईंसोबत गेले होते. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुम्हीच ठरवा, डॉक्टर." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ठरवतो. पण दिवसभर तुम्ही काय करता ते आधी सांगा." बाई शिवणकाम करतात. डॉक्टरांच्या मनात होती त्या गोळीनं हात थरथरू शकतात. त्यांनी दुसरी लिहून दिली.