छापण्याआधी साध्या ऑब्जेक्टमध्ये रूपांतर: एका सल्ल्याचा प्रतिवाद

पर्सिस्टंट डेटा स्ट्रक्चर (बदल केल्यावर जुनी आवृत्ती तशीच ठेवून नवी देणाऱ्या रचना) ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे प्रोग्रामरसाठीच्या संदेशांच्या खिडकीत, वाचता येत नाहीत, म्हणून छापण्याआधी ‘टूजेएस’ ही रूपांतराची मेथड वापरून त्यांचे जावास्क्रिप्टचे साधे ऑब्जेक्ट करावे, त्यात काही गमावत नाही, खर्चही नगण्य असतो आणि दुसरा मार्गच नाही, असे सर्रास सांगितले जाते. यातली मूळ तक्रार रास्त आहे: अशा रचना देणाऱ्या ‘इम्यूटेबल जेएस’ या लायब्ररीची यादी कन्सोलमध्ये उघडली की आपल्या नोंदींऐवजी ‘रूट’, ‘टेल’, ‘लेव्हल’ असे अंतर्गत भाग दिसतात, कारण आत प्रत्येक गाठीला ३२ पर्यंत फांद्या असलेले झाड असते.

काही गमावत नाही, हे मात्र खरे नाही. मॅपमध्ये (की आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या रचनेत) १ ही संख्या आणि ‘१’ ही स्ट्रिंग या दोन वेगळ्या की असू शकतात. साध्या ऑब्जेक्टमध्ये त्या एकच ठरतात आणि एक नोंद मुकाट्याने नाहीशी होते. सेटचा ॲरे होतो. याहून मोठे नुकसान असे की, जुन्या आणि नव्या आवृत्तीत न बदललेल्या फांद्या सामाईक असतात, त्यामुळे संदर्भांची (दोन्हीकडे तीच वस्तू आहे का याची) तुलना करून बदल नेमका कोठे झाला हे कळते. रूपांतरित प्रतीत मात्र सगळेच नवे असते. अनावश्यक रेंडरचे (स्क्रीन विनाकारण पुन्हा रेखाटली जाण्याचे) कारण शोधणाऱ्याला हवा असलेला पुरावाच असा पुसला जातो.

खर्चाचेही तसेच. कन्सोल बंद असला तरी लॉगला दिलेले आर्ग्युमेंट आधी मोजले जाते, म्हणजे संपूर्ण रचनेची खोलवर प्रत प्रत्येक वेळी तयार होते. अमर्याद रेंज (कधीही न संपणारी संख्यांची मालिका) दिली तर रूपांतर पूर्णच होऊ शकत नाही.

‘दुसरा मार्गच नाही’ हा दावाही टिकत नाही. क्रोममध्ये २०१५ पासून कस्टम फॉरमॅटरची (मूल्य कन्सोलमध्ये कसे दिसावे हे ठरवणाऱ्या आपल्या फंक्शनांची) सोय आहे आणि फायरफॉक्सनेही ती स्वीकारली आहे. ‘हेडर’ एका ओळीचा सारांश देतो, ‘हॅजबॉडी’ उलगडण्यासारखे काही आहे का ते सांगतो आणि ‘बॉडी’ वापरकर्त्याने बाण दाबल्यावरच आतला तपशील मांडते; मूळ मूल्याला धक्का लागत नाही. क्लोजरस्क्रिप्ट या जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होणाऱ्या भाषेची ‘सीएलजेएस-डेव्हटूल्स’ लायब्ररी याच आधारावर उभी आहे.

ही सोय सेटिंगमध्ये मुद्दाम चालू करावी लागते, हा आक्षेप मला मान्य आहे. शिवाय लायब्ररीच्या झाडातच दोष असल्याची शंका असेल, तेव्हा फॉरमॅटर बंद करून ‘रूट’पासूनच पाहावे लागते.