साजूक तुपातली नोटीस

काल संध्याकाळी वॉचमन नोटीस देऊन गेला. विषय : निवासी सदनिकेत व्यवसाय. खालच्या कोपऱ्यात तुपाचं बोट उमटलेलं. ते तूप माझंच. घरी कढवलेलं आहे, मी ओळखते.

मी उकडीचे मोदक करून विकते. संकष्टीला पन्नासेक, गणपतीत मोजत नाही. वर्षाला शंभर रुपये भरून अन्नसुरक्षेची नोंदणी केलेली आहे.

परवा तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. निवृत्तीनंतर ते सोसायटीच्या नियम उपसमितीवर असतात. उपसमितीत ते एकटेच आहेत. दारातच डोळे मिटून त्यांनी श्वास ओढला.

"वेलची. जायफळ. हा व्यावसायिक वास आहे."

"मोदकांचा आहे, काका."

"घरगुती वास जिन्यात विरतो. हा पार्किंगपर्यंत येतो."

पिशवीतून झेरॉक्स निघाली. मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू असलेली २०२० ची एकत्रित विकास नियमावली. घरगुती व्यवसाय चालतो म्हणे, पण पगारी माणूस नको, बाहेरून धंद्याची खूण दिसायला नको आणि विजेचा भार पाऊण किलोवॉटच्या वर नको.

"मी पाटी कुठे लावलीय?"

"वास हीच पाटी."

मग त्यांनी मिक्सर उलटा केला. खाली ७५० वॅट. बरोब्बर काठावर! काका खट्टू झाले. तेवढ्यात वर फिरणारा पंखा दिसला आणि चेहरा पुन्हा उजळला.

सासूबाई पारीला कळ्या पाडत बसल्या होत्या. "यांना पगार देता?" काकांनी विचारलं.

सासूबाईंनी मानही वर केली नाही. "बेचाळीस वर्षं झाली या घरात. कुणी दिला की कळवते तुम्हाला."

एवढ्यात 'नमुना' म्हणून काकांचे तीन मोदक झाले होते. तिसऱ्यावर तूप मागून घेतलं.

माझी आई चाळीच्या गच्चीवर अख्ख्या मजल्याचे पापड वाळवायची. कावळे सोडून कुणाची हरकत नसायची. इथे वरच्या मजल्यावर तीन मुलं रात्रभर अमेरिकेचं काम करतात. शेजारी सीए आहेत, दोन पगारी पोरं, दारावर पितळी पाटी. त्यांना नोटीस नाही. लॅपटॉपला जायफळाचा वास येत नाही ना! वीजवालेसुद्धा घरातल्या धंद्याला महिना ३०० युनिटपर्यंत घरगुती दर लावतात. सोसायटीला तेवढंही जमत नाही. एरवी माझं काम म्हणजे 'घरी बसून काहीतरी करते'. नोटिशीत मात्र एकदम 'व्यवसाय'!

रात्री काकांचा मेसेज आला. "अंगारकीला एकवीस हवेत. पाहुणे आहेत. डबा झाकून आणा, जिन्यात वास नको."

वहीत लिहून घेतलंय. एकवीस, तूप वेगळं, पैसे आधी.