शाळेत नाव आहे, मूल नाही

नववी-अकरावीच्या ॲडमिशनचे दिवस आहेत. बडोद्यातल्या मराठी घरांत कुठेही जा, वास्तुशांत असो की डोहाळजेवण, दोन पालक भेटले की पहिला प्रश्न, "कुठे टाकलं?" पूर्वी याचं उत्तर म्हणून शाळेचं नाव यायचं. आता कोचिंगचं येतं. आणि शाळा कुठली विचारलं तर, "ती डमी आहे हो, नावापुरती." हे इतक्या सहज सांगतात की ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते आहे, घरात आठवीतली मुलगी आहे, आणि मला त्यात फार वावगं वाटतं. म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलाचं नाव एका शाळेच्या पटावर असतं आणि मूल सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोचिंगच्या वर्गात. शाळेशी कोचिंगवाल्यांचं आधीच ठरलेलं असतं. रोज हजेरी लागते, युनिट टेस्टचे मार्कही लागतात, मूल फक्त प्रॅक्टिकलला आणि बोर्डाच्या परीक्षेला उगवतं. पालक दोन्हीकडे फी भरतात. काही जण याला 'इंटिग्रेटेड' म्हणतात. खरोखरचं इंटिग्रेटेडही असतं: शाळेचे तास शाळेसारखे होतात आणि त्याच इमारतीत दुपारनंतर जेईई-नीटचे, म्हणजे इंजिनीअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षांचे, शिक्षक येतात. त्याला माझा विरोध नाही. मी बोलते आहे ते रिकाम्या बाकांबद्दल.

हे आपल्या गावात होतंय याचं मला जास्त लागतं. 1893 साली सयाजीराव महाराजांनी अमरेली तालुक्यात सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड होता. शेतावरचे, घरातले दोन हात कमी करून पोराला पाटीपुढे बसवणं कितीतरी घरांना जड जात असणार, तरी त्यांनी पाठवलं. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे त्या शाळांतून शिकून कारकून झाले, मास्तर झाले, वकील झाले. त्याच राजाने 1886 मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, जी आज सूरसागराजवळ म्युझिक कॉलेज म्हणून उभी आहे, आणि 1890 मध्ये कलाभवन काढलं. लिहिणं-वाचणं, गाणं, हातातलं कसब, या सगळ्यांसाठी तीन-चार वर्षांच्या अंतराने संस्था उभ्या राहिल्या. आता त्याच घरांतली पणतवंडं शाळेत जाऊ नयेत म्हणून आपण पैसे मोजतो, आणि शाळेबरोबर गाणं आणि आखाडाही बंद करतो.

मुलं काय गमावतात ते मी माझ्या विषयापुरतं नेमकं सांगू शकते. बारावीला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन असतं, म्हणजे एक द्रावण किती लागलं ते मोजून दुसऱ्याची तीव्रता काढायची. फ्लास्कमधलं द्रावण 60-70 अंशांपर्यंत गरम करायचं आणि ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मापाच्या काचेच्या नळीतून, जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडायचं. पहिल्या थेंबांचा रंग लवकर जात नाही. मुलं घाबरतात. "टीचर, काही चुकलं का?" मी म्हणते, हलवत राहा, थांब जरा. मग रंग भराभर नाहीसा व्हायला लागतो, कारण क्रियेत तयार झालेले मँगनीजचे आयन पुढच्या क्रियेला स्वतःच वेग देतात. पुस्तकात याला ऑटोकॅटॅलिसिस म्हणतात. शेवटी एका थेंबाने सगळं द्रावण फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. ज्याने घाईत दोन थेंब जास्त सोडले त्याचं रीडिंग गेलं, पुन्हा भरा ब्युरेट. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला धीर कसा धरायचा हे शिकवायला माझ्याकडे याहून चांगलं साधन नाही.

परीक्षक म्हणून दुसऱ्या शाळांत जाते तेव्हा डमीची मुलं चटकन ओळखू येतात. ब्युरेटची तोटी डाव्या हाताने धरायची, उजव्या हाताने फ्लास्क फिरवायचा, एवढंही हाताला ठाऊक नसतं. हुशार असतात हो. ऑटोकॅटॅलिसिस विचारा, चार पर्यायांतून बरोबर उत्तर देतील. पण ते डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. सीबीएसईत केमिस्ट्रीच्या 100 पैकी 30 मार्क प्रॅक्टिकलचे आहेत आणि ते या मुलांना मिळूनही जातात. त्या मार्कांचा मला राग येतो, मुलांचा नाही. मुलं काचेचं सामान हातात घेताना बिचकतात आणि माझ्याकडे बघतात, तेव्हा पोटात कालवतं.

पालक काही वेडे नाहीत, हेही मला कळतं. 2024 मध्ये नीटला 23 लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच वर होत्या. त्यातल्या सरकारी फीच्या जागा आणखी कमी. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी डॉक्टर व्हायचं स्वप्न बघतंय, त्या घराला शाळेचे सहा तास वाया जातात असं वाटणं स्वाभाविक आहे. आणि काही शाळांत वेळ वाया जातोही, एक शिक्षिका म्हणून मी ते नाकारणार नाही. पण याचा इलाज म्हणून शाळेला चांगल्या शिकवण्याचा आग्रह धरायचा सोडून आपण शाळाच काढून टाकली. आमच्या पालकसभेला बारावीच्या वर्गाचे किती पालक येतात ते मी दर वेळी बघते आहे. प्रश्न विचारणारे पालक असले की शिक्षकही तयारी करून येतात, हे अनुभवाने सांगते.

धोक्याचं कुणी नीट सांगत नाही, म्हणून तेही लिहिते. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत 16 वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा, असं स्पष्ट आहे. तरीही आठवीपासूनचे 'फाउंडेशन' वर्ग जोरात चालू आहेत. सीबीएसईला 75 टक्के हजेरी लागते. बोर्डाने अचानक तपासण्या करून काही शाळांची मान्यता काढून घेतली आहे, आणि 2025 मध्ये बजावलं आहे की न येणाऱ्या मुलांना बारावीला बसू देणार नाही, जबाबदारी मुलाची आणि पालकांची. शाळा हात वर करील. कोचिंगचा तर कागदोपत्री संबंधच नसतो. उरतं ते तुमचं मूल. शिवाय आयआयटी किंवा एनआयटीत प्रवेश घ्यायला, जेईईत रँक आली तरी, बारावीला 75 टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. म्हणजे जी परीक्षा नावापुरती म्हणून बाजूला टाकली तीच दारात उभी असते.

आणि ज्याची रँक येत नाही त्याचं काय? मुलं तर बहुतेक त्यातलीच असतात. दोन वर्षांनी त्या मुलाच्या हाती अशा शाळेचं मार्कशीट असतं जिथल्या एकाही शिक्षकाला त्याचं नाव माहीत नाही. त्याला इंग्रजी चांगलं लिहिता येतं, त्याने बीए करावं, किंवा त्याला यंत्रांची आवड आहे, डिप्लोमाला जावं, हे सांगणारं कुणी भेटलेलंच नसतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा माझ्या वर्गातल्या दोघींची वह्या-पुस्तकं गेली. शाळा उघडल्यावर वर्गाने विषय वाटून घेऊन त्यांना नोट्स उतरवून दिल्या. मी सांगितलं नव्हतं. एका बाकावर बसल्याशिवाय असं होत नाही.

आता क्लासबद्दल. आपल्याकडे तिसरीपासून सातवीपर्यंत मुलाला सहा क्लास असतात. अबॅकस, स्केटिंग, चित्रकला, भरतनाट्यम किंवा तबला, उन्हाळ्यात पोहणं, नवरात्राआधी गरब्याचा क्लास. आई ॲक्टिवावर पुढे-मागे दोन पोरं घेऊन मांजलपूर ते रावपुरा घिरट्या घालते. आणि नववीला सगळं एका फोनने बंद. सहावरून शून्य. मला हे दोन्ही आकडे चुकीचे वाटतात, पण शून्य जास्त.

माझी मुलगी तबला शिकते म्हणून तबल्याचं सांगते. पहिली तीन-चार वर्षं बोटं तयार होण्यात जातात. तीनतालाचे कायदे, पलटे, रेले, म्हणजे ठरावीक बोलांचे रियाज, तेच तेच. लहान मूल ते निमूटपणे करतं, म्हणून ते लहानपणीच करून घ्यायचं असतं. मग तेरा-चौदाव्या वर्षी ते पहिल्यांदा कुणाच्या साथीला बसण्याजोगं होतं. साथ म्हणजे समोरच्याच्या गाण्यावर कान ठेवायचा, लय धरून ठेवायची, आपली तयारी दाखवायची ऊर्मी आवरायची आणि संधी मिळाली की चार मात्रांत उत्तर द्यायचं. इतक्या वर्षांचा घासलेला हात आता कुठे संगीताला लागणार असतो, आणि नेमक्या त्या जूनमध्ये आपण सरांना सांगतो, "आता नववी आहे, दोन वर्षं ब्रेक घेतो." ब्रेक घेऊन परत आलेली मुलं फार नाहीत, कुठल्याही गुरूंना विचारा. आखाड्याचंही तसंच. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या जुन्या जागा आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. मल्लखांबावर मुलाच्या अंगात खरी ताकद येते ती याच वयात.

परीक्षांचाही एक वेगळा ताण आपण लावून घेतला आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्यांनी जातात आणि त्या नीट आखलेल्या आहेत. पण दर वर्षी एक पायरी झालीच पाहिजे असा मंडळाचा आग्रह नाही, तो आपला आहे. परीक्षेचं वर्ष आणि दहावीचं वर्ष एकत्र आलं की क्लास सोडतात. परीक्षा पुढे ढकलून क्लास चालू ठेवता येतो, हे कुणाला सुचत नाही.

क्रिकेटचा विषय निघाला की आपल्याकडे पंड्या भावांचं नाव येतंच. त्यांच्या वडिलांनी सुरतचा व्यवसाय बंद करून बडोद्याला बिऱ्हाड हलवलं आणि मुलांना किरण मोरे यांच्या अकादमीत घातलं. हार्दिकने नववीनंतर शाळा सोडली. ज्या मुलाचा सगळा दिवसच मैदानावर जातो त्याच्यासाठी वेगळी वाट हवी, हे मला मान्य आहे. अशा वाटा आहेत आणि त्या उजळ माथ्याच्या आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून दहावी-बारावी करता येते आणि ती सगळीकडे मान्य आहे. गुजरात सरकारच्या जिल्हास्तरीय क्रीडा शाळांत निवड झालेल्या मुलांचं राहणं, खाणं आणि प्रशिक्षण सरकारी खर्चाने होतं. राष्ट्रीय स्पर्धांसाठी सीबीएसई हजेरीत सवलत देते. संगीतातल्या मुलांसाठी केंद्राच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती आहे, वय 10 ते 14. हिंदुस्तानी संगीत हा सीबीएसईत दहावीला आणि बारावीलाही घेता येणारा विषय आहे, शाळेकडे मागून बघा. यातलं काहीही निवडलं तरी मुलाला कुणापुढे खोटं बोलावं लागत नाही. डमीत पहिल्या दिवसापासून बोलावं लागतं. "तपासणीला कुणी आलं तर सांग, आज बरं नव्हतं म्हणून." हे वाक्य शाळा मुलाला शिकवते आणि आईवडील शेजारी उभे असतात. मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो.

आमच्या घरी पुढच्या वर्षीचं असं ठरलं आहे. लेकीने पोहणं आणि चित्रकला स्वतःहून सोडली, तबला ठेवला. मंगळवार आणि शुक्रवार. मध्यमेची परीक्षा दहावीनंतर, सरांशी बोलून घेतलं आहे. शाळा पूर्ण वेळ. अकरावीत तिला जेईई किंवा नीटला बसायचं असेल तर दुपारची बॅच शोधू, अशा बॅचेस आहेत, फक्त जाहिरातीत दिसत नाहीत. तिची रँक यामुळे थोडी मागे येईल का? येईलही. मला ते चालणार आहे, तिच्या बाबांनाही, आणि तिला आम्ही हे समोर बसवून सांगितलं आहे.

ज्यांचं अजून ठरलेलं नाही त्यांना एकच विनंती. फी भरायच्या आधी त्या शाळेत एखाद्या साध्या बुधवारी अकराच्या सुमारास जा. ऑफिसात बसू नका, वर अकरावीच्या वर्गात डोकवा आणि बाकांवर किती मुलं बसली आहेत ते मोजा. लॅब उघडायला सांगा, ब्युरेट ओले आहेत का ते बघा.