‘पोरांची बंदूक’ हातात दिली, या तक्रारीला मालकाचं उत्तर

नमस्कार. आमच्या बंदुकांच्या दुकानाला रिव्ह्यूत एक तारा दिलात, वाचलं. नाइन एमएम (नऊ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचं) पिस्तूल घ्यायला आलात, आम्ही रेंजवर ते हातातून हिसकावून घेतलं, ‘पोरांची पॉइंट टू-टू रायफल’ (०.२२ इंची बारीक गोळीची) पुढे सरकवली आणि काउंटरवरचा मुलगा वर हसला, असं तुमचं गाऱ्हाणं.

हसण्याबद्दल माफी मागतो. त्याला त्याच दिवशी समज दिली आहे. रायफलीबद्दल मात्र माफी मागणार नाही.

तुमच्या पाच काडतुसांत मी एक डमी, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस, घातलं होतं. नवख्या प्रत्येकाला घालतो. चौथ्या वेळी नुसतं ‘टक्’ झालं. गोळी नाही, आवाज नाही, धक्का नाही, तरी नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं. धक्का येणार म्हणून हात आधीच दचकला होता. यात लाजण्यासारखं काही नाही, सुरुवातीला माझाही हात असाच दचकायचा. पण ही खोड अंगात मुरली की मोडताना काडतुसांच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या होतात.

त्यानंतर ‘अडकलं वाटतं’ म्हणत तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमच्याबरोबर पिस्तूलही वळलं, आणि बोट चापावरच होतं. मी मनगट धरलं ते तेव्हा. काडतूस उडालं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं असतं, कारण ते उशिराही पेटू शकतं. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक, मुलाच्या हसण्यापेक्षा मोठी.

आता ‘पोरांची’ या शब्दाबद्दल. पॉइंट टू-टूची साधारण गोळी २.६ ग्रॅमची, नाइन एमएमची साडेसात ग्रॅमच्या आसपास. धक्का नगण्य, काडतूस स्वस्त, म्हणजे सराव भरपूर. ऑलिंपिकमधली ५० मीटर रायफल याच काडतुसावर चालते. शिवाय रायफलीला खांदा आणि गालाचा आधार मिळतो, आणि माशी (नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा) व मागची खाच यांत अंतर जास्त असतं. पिस्तुलात ते १५ सेंटिमीटर धरा: माशी एक मिलिमीटर हलली की १० मीटरवर गोळी साडेसहा सेंटिमीटरहून थोडी जास्त चुकते. रायफलीत अंतर ६० सेंटिमीटर असेल तर तीच चूक पावणेदोन सेंटिमीटरच्या आत राहते. आपण कुठे चुकलो हे नवशिक्याला कागदावर ओळखू येतं.

‘निदान ते छोटं, हलकं पिस्तूल तरी द्या,’ असंही तुम्ही म्हणाला होतात. काडतूस तेच असेल तर हत्यार जितकं हलकं तितका धक्का जास्त. पहिल्या खरेदीत सगळ्यात जास्त पस्तावतात ते हेच घेणारे. (विकायला मला सोपं गेलं असतं, तेही खरं.)

तुमच्या हाताच्या मानाने त्या रायफलीचा दस्ता (खांद्याला टेकतो तो भाग) थोडा लांब होता, ते मी तेव्हाच पाहिलं होतं. आखूड दस्त्याची एक काढून ठेवली आहे. या, पन्नास गोळ्या माझ्याकडून. त्यानंतरही नाइन एमएमच हवं असेल तर परवाना दाखवा, मी स्वतः शिकवून देईन. तारा एकच ठेवलात तरी चालेल.