विमा कंपनीला देता तो आकडा आम्हालाही लिहून द्या

कॅशलेसचा पेशंट दाखल झाला की हॉस्पिटल विमा कंपनीकडे एक फॉर्म पाठवतं. खोलीभाडं, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधं, सगळ्याचा अंदाजे खर्च आणि खाली एकूण बेरीज. त्याशिवाय मंजुरी येत नाही. आणि रोख पैसे भरणारा चंदगड-आजऱ्याचा शेतकरी काउंटरवर तेच विचारतो, तेव्हा त्याला ऐकायला मिळतं, "आत्ता कसं सांगणार? आधी डिपॉझिट भरा."

म्हणजे आकडा काढता येतो. फक्त तो आम्हाला सांगायचा नाही, याचा मला संताप येतो.

कोल्हापुरात उपचाराला सिंधुदुर्गातनं, बेळगावकडनं माणसं येतात. उसाचं बिल अजून जमा झालेलं नसतं, मग दागिने गहाण पडतात. खर्च चाळीस हजार की दोन लाख हे आधी कळलं, तर घरची माणसं बसून ठरवतील की इथंच करायचं, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, का महात्मा फुले योजनेतलं हॉस्पिटल बघायचं. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते हॉस्पिटल योजनेत आहे का, हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे दाखल व्हायच्या आधीच विचारावं लागतं. नंतर कळून काय उपयोग?

डॉक्टरांची अडचण मला समजते. अपघाताचा पेशंट आला तर आधी उपचार, मग हिशोब. पोट उघडल्यावर काय निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. पण हर्निया, मोतीबिंदू, गुडघ्याचा सांधा अशा ठरवून केलेल्या ऑपरेशनला "एवढ्यापासून एवढ्यापर्यंत" असं नक्की लिहून देता येतं. स्पेशल रूम घेतली की बऱ्याच ठिकाणी भाड्याबरोबर सर्जनची फी आणि तपासण्यांचे दरही चढतात. हे तर हॉस्पिटलला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. आणि खर्च अंदाजाबाहेर जायला लागला, तर त्याच दिवशी नातेवाइकांना सांगा. डिस्चार्जच्या दिवशी नको.

खासगी हॉस्पिटलांना लागू असलेल्या राज्याच्या नर्सिंग होम नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं तेव्हापासून बंधनकारक आहे. पेशंटला भेटायला जाल तेव्हा भिंतीवर बघा. नसेल तर रिसेप्शनवर विचारा, आणि तरीही दाखवलं नाही तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर कमेंटमध्ये सांगा, मी लिहून देतो.