सूर्योदयाला पाऊण तास आधी पोहोचा

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरातल्या घराघरांत पचमढी, चिखलदरा, पुरी, दार्जिलिंग ही नावे ऐकू येऊ लागतात आणि सहलीच्या कार्यक्रमात एका पहाटेपुढे 'सनराइज पॉइंट' असे हमखास लिहिलेले असते. त्या पहाटेविषयी मला काही आग्रहाने सांगायचे आहे. प्रवासात सूर्योदय पाहण्यासाठी अंथरूण सोडणे मला फार मोलाचे वाटते. परंतु बिंब वर येण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी धावतपळत पोहोचायचे, मोबाइल उंचावायचा आणि बिंब क्षितिजावरून सुटले की नाश्त्यासाठी गाडीकडे वळायचे, ही जी रीत पडली आहे, तिच्यामुळे सूर्योदयाचा बहुतेक भाग न पाहताच आपण परततो. आपल्याकडे सपाट क्षितिजावर बिंबाची वरची कड दिसल्यापासून पूर्ण बिंब वर यायला जेमतेम अडीच मिनिटे लागतात. एवढ्यासाठी थंडीत कुडकुडत यायचे आणि एवढेच पाहून जायचे, हा सौदा खरोखरच तोट्याचा आहे.

मी भूगोल शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचाही आहे. नागपूरच्या अक्षांशावर सूर्य उगवण्याच्या साधारण सव्वा तास आधी पूर्वेकडचा काळोख विरळ होऊ लागतो. त्या वेळी सूर्य क्षितिजाच्या १८ अंश खाली असतो. तो १२ अंशांवर आला की डोंगराची कड आकाशापासून वेगळी दिसू लागते, आणि ६ अंशांवर आला की विजेरी बंद करून पायाखालची वाट दिसते. हा शेवटचा टप्पा आपल्याकडे बावीस-चोवीस मिनिटांचा असतो आणि रंगांचा खरा उत्सव त्यातच होतो. क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत जवळजवळ चाळीसपट हवेतून प्रवास करतो, वाटेत निळा रंग विखरून जातो आणि तांबडा-नारिंगी उरतो. ढगांचा एखादा उंच, पातळ थर पूर्वेला असेल, तर त्याची खालची बाजू बिंबाच्या कितीतरी आधी पेटते आणि बिंब वर येईपर्यंत विझूनही जाते. ज्यांनी ऐन वेळेवर पोहोचायचे ठरवले आहे, त्यांना ती दिसण्याची शक्यताच नसते.

त्याहूनही अधिक मला वाटते ते पाठ फिरवून पाहण्याविषयी. आकाश स्वच्छ असेल आणि पश्चिम मोकळी असेल, तर सूर्योदयाच्या आधी तिकडे क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा एक रुंद पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी पट्टा. तो करडा पट्टा म्हणजे आपल्या पृथ्वीची वातावरणावर पडलेली सावली. पूर्वेला उजेड वाढत जातो तशी ती सावली पश्चिमेला हळूहळू खाली उतरते आणि बिंब वर येण्याच्या सुमारास क्षितिजात मिसळून जाते. मी विद्यार्थ्यांना सहलीला नेते तेव्हा अर्धा वेळ त्यांना मुद्दाम पश्चिमेकडे तोंड करून उभे करते. आपण ज्या गोलावर उभे आहोत त्याची सावली उघड्या डोळ्यांनी पाहता येते, हे फळ्यावर कितीही वेळा काढून दाखवले तरी मनात उतरत नाही. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र वर्गातली सर्वांत चुळबुळी मुलेही शांत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पौर्णिमेच्या आसपासची तारीख निवडली तर आणखी एक लाभ होतो: पूर्वेला सूर्य वर येत असताना पश्चिमेला चंद्र मावळत असतो. सहलीची तारीख ठरवताना आपण सुट्ट्या पाहतो, आरक्षण पाहतो, तसे कालनिर्णयावर पौर्णिमा पाहायला काय हरकत आहे?

दार्जिलिंगच्या टायगर हिलवर तर हे फार ठळकपणे जाणवते. सुमारे २,५९० मीटर उंचीच्या त्या टेकडीवर गर्दी पूर्वेकडे तोंड करून उभी असते आणि तिथले सर्वांत मोठे दृश्य उत्तरेच्या बाजूला घडत असते. कांचनजंगा ८,५८६ मीटर उंच आहे. इतक्या उंचीवरच्या शिखराला टेकडीवरच्या माणसांपेक्षा काही मिनिटे आधी सूर्य 'दिसतो'. आपण अजून सावलीत उभे असतो आणि ते टोक आधी गुलाबी, मग केशरी होते, आणि तो रंग उतारावरून खाली खाली येत राहतो. पूर्वेला धुके असले, बिंब दिसलेच नाही, तरीही शिखर उजळू शकते. 'आज सूर्योदय झालाच नाही' असे म्हणत चहाच्या टपरीकडे वळणाऱ्या लोकांना हात धरून थांबवावेसे मला मनापासून वाटते.

वेळेविषयी आपल्या मनात जो घोळ असतो, त्याचाही इथे विचार करायला हवा. साऱ्या देशाचे घड्याळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि सूर्य मात्र प्रत्येक अंशाला चार मिनिटे घेतो. नागपूर ७९ अंशांच्या थोडेसे पुढे आहे. म्हणून जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा पुरीच्या किनाऱ्यावर तो वीसएक मिनिटे आधीच वर आलेला असतो. उलट द्वारकेला तो आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटे उशिरा येतो. अरुणाचल प्रदेशात अंजाव जिल्ह्यातल्या डोंग गावाकडे गेलात तर जून महिन्यात साडेचार वाजण्याच्या आधीच उजाडलेले असते. घरचा गजर तसाच ठेवून परगावी झोपणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या गावची, त्या तारखेची वेळ आदल्या संध्याकाळी पाहावी आणि तिच्यातून पाऊण तास वजा करून तिथे हजर राहावे. आपण सारे जण २२ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस म्हणून पाठ केलेला असतो. नागपुरात सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो मात्र जानेवारीच्या मध्याला, सात वाजायला जेमतेम सहा-सात मिनिटे कमी असताना. ज्यांना पहाटे उठणे जड जाते, त्यांच्यासाठी जानेवारीची सहल सर्वांत सोयीची.

दिशेचेही तसेच आहे. सूर्य पूर्वेला उगवतो हे वाक्य वर्षातून दोनच वेळा काटेकोरपणे खरे असते. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेकडे सरकलेला असतो. म्हणजे ज्या कड्यावरून हिवाळ्यात बिंब दरीतून वर येताना दिसते, त्याच कड्यावरून उन्हाळ्यात ते एखाद्या डोंगरामागून उशिरा डोकावू शकते. कोकणात आणि गोव्यात समुद्र पश्चिमेला आहे, तेव्हा तिथे पाण्यातून उगवता सूर्य पाहण्याची अपेक्षा ठेवून जाऊ नये. तिथल्या पहाटेचे सौंदर्य वेगळे आहे: सूर्य सह्याद्रीच्या बाजूने येतो, आधी लांबवरचे पाणी उजळते, किनाऱ्यावरची माडांची सावली बराच वेळ वाळूवर लांब पडून राहते, आणि होड्या परतत असतात. तेही पाहण्यासारखेच आहे, फक्त काय पाहायचे ते माहीत असावे.

काशीला याच्या अगदी उलट भाग्य लाभले आहे. तिथे गंगा उत्तरेकडे वळते, घाट सगळे पश्चिम तीरावर आहेत आणि समोरचा तीर मोकळा, वाळवंटाचा आहे. इतक्या जुन्या, दाटीवाटीच्या शहराच्या पायऱ्यांवर बसून नदीपलीकडच्या रित्या क्षितिजावर सूर्य उगवताना पाहायला मिळणे ही रचना मला आजही थक्क करते. कोणार्कचे तेराव्या शतकातले, नरसिंहदेव पहिला याने बांधवलेले सूर्यमंदिर पूर्वाभिमुख आहे, आणि जवळच्या चंद्रभागेच्या किनाऱ्यावर माघ शुद्ध सप्तमीला पहाटे स्नानासाठी आणि उगवत्या सूर्याच्या दर्शनासाठी मोठी यात्रा भरते. आपल्या घरी त्याच दिवशी रथसप्तमीला अंगणात सूर्याच्या रथाची रांगोळी काढून दूध उतू घालतात. ज्या दिवशी आपली आजी पूर्वेकडे तोंड करून हात जोडत होती, त्याच दिवशी तिकडे ओडिशात हजारो माणसे समुद्रात उभी होती, हे कळल्यावर तो किनारा मला परका वाटला नाही.

सुट्टी ही झोपण्यासाठी असते, असे म्हणणाऱ्यांचा मी अनादर करत नाही. वर्षभर पाळीवर काम करणाऱ्या किंवा लहान मुले सांभाळणाऱ्या माणसाला झोपेची गरज असते आणि ती प्रवासातच भागत असेल, तर त्याने खुशाल झोपावे. माझी तक्रार आहे ती उठूनही न पाहण्याविषयी. आपल्याच ताडोब्यातली सकाळची सफारी घ्या. अंधारात उठून, कुडकुडत जिप्सीत बसून माणसे दारातून आत शिरतात आणि त्या क्षणापासून साऱ्यांचे डोळे वाघाच्या मागे लागतात. गवतावरचे धुके, झाडांच्या शेंड्यांवरून उतरणारे ऊन, सांबराने दिलेली इशारत, वानरांचा खोकल्यासारखा आवाज, या साऱ्याला गाडीत कोणी बोलत सुटल्यामुळे किंवा 'पुढे चला, पुढे चला' म्हटल्यामुळे जागाच उरत नाही. वाघ दिसणे दैवाधीन असते. जंगल जागे होताना पाहणे प्रत्येकाच्या वाट्याला येऊ शकते, आणि त्यासाठी पंधरा मिनिटे इंजिन बंद करून थांबायला सांगणे पुरेसे असते.

नामांकित जागीच जायला हवे, असेही नाही. चिखलदऱ्याला आम्ही आईला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे दुखत असल्यामुळे तिला कुठल्याही पॉइंटवर नेणे शक्य नव्हते, म्हणून लॉजच्या गच्चीवर एक खुर्ची नेऊन ठेवली आणि आम्ही दोघी शालीत गुरफटून बसलो. दरीत साचलेले धुके आधी करडे होते, मग दुधाळ झाले, मग त्याच्या कडा सोनेरी झाल्या, आई मध्येच म्हणाली, "अगं, आपण गच्चीवर झोपायचो तेव्हा रोज असंच उजाडायचं ना!" खरेच होते ते. कूलर घरोघरी येण्याआधी नागपूरकर उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असत, आणि पहाट पाहण्यासाठी कोणाला वेगळे उठावे लागत नसे. त्या दिवसापासून मी खोली ठरवताना टीव्ही आहे का, हे विचारत नाही. पूर्वेकडची गच्ची किंवा गॅलरी मोकळी आहे का, हे विचारते.

आणखी एक गोष्ट बायकांच्या बाजूने. अनोळखी गावात पहाटे साडेचार-पाचला एकटीने बाहेर पडणे पुरुषाला जितके सहज असते तितके आम्हाला नसते. अंधारी वाट, मोकाट कुत्री, कुलूप लावलेला लॉजचा दरवाजा आणि किल्ली घेऊन झोपलेला व्यवस्थापक, हे सारे मी अनुभवले आहे. म्हणून जिथे राहायचे त्या जागेपासून चालत जाण्याजोगे, वर्दळ असलेले ठिकाण निवडावे, रात्रीच दरवाज्याची चौकशी करून ठेवावी, आणि शक्य तेव्हा दोघी-तिघींनी मिळून जावे. पर्यटनस्थळी सूर्योदयाच्या वाटेवर दिवे आणि स्वच्छतागृह असणे ही चैन समजू नये; पहाट बायकांच्याही वाट्याला यायची असेल तर ती पहिली गरज आहे.

मुलांना नेणाऱ्यांसाठी एक सूचना करते. तांबूस बिंबाकडे क्षणभर नजर गेली तरी ते उजळू लागल्यावर त्याच्याकडे टक लावून पाहू देऊ नये, आणि दुर्बीण किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून तर मुळीच नाही. मोबाइलवर गाणी लावू नयेत, गाडीचे हेडलाइट क्षितिजाच्या दिशेने चालू ठेवू नयेत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो काळोख हवा असतो.

सहली काढणाऱ्या आपल्या नागपूरच्या मंडळींना माझी विनंती आहे की कार्यक्रमपत्रिकेत नुसते 'पहाटे सूर्योदय' असे न लिहिता त्या ठिकाणची त्या तारखेची वेळ छापावी, प्रवाशांना तिच्या पाऊण तास आधी पोहोचवावे आणि बिंब वर आल्यावर निदान अर्धा तास तिथे थांबू द्यावे. नाश्ता साडेआठला मिळाला तरी चालेल. ज्यांना लांब जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी पन्नासेक किलोमीटरवर रामटेकचा गड आहे, जवळच खिंडसीचा तलाव आहे. जानेवारीत पाचला निघाले तरी वेळ साधते. आणि तुम्ही कुठे चांगला सूर्योदय पाहिला असेल तर खाली जरूर लिहा, पण जागेच्या नावाबरोबर महिनाही लिहा. महिना ठाऊक नसेल तर सूर्य कोणत्या बाजूने आला हे पुढच्याला कळणार नाही, आणि तो चुकीच्या कड्यावर उभा राहील.