भेटायचं कुणाला?

मुलाची म्युनिकची नोकरी पक्की झाली, त्या संध्याकाळी घरात पेढे आले आणि मी फोन नंबरांची जुनी डायरी काढली. नातू सहाचा होणार, म्हणजे पहिलीचा प्रवेश. आणि प्रवेश हे आमच्या घरात माझं खातं. मुलाच्या वेळी नाशिकच्या कॉलेज रोडच्या एका शाळेच्या फाटकाशी भल्या पहाटे थर्मास घेऊन बसलेली बाई मी. पुतणीच्या वेळी तर संस्थेच्या सचिवांच्या साडूंचे शेजारी हुडकून काढले होते. तेव्हा पहिला प्रश्न साहजिकच, “डोनेशन किती, आणि भेटायचं कुणाला?”

“कुणालाच नाही,” मुलगा म्हणाला. “फी नाही, आमची मुलाखत नाही. ज्या भागात घर, त्या भागाची सरकारी शाळा. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, तसा नियमच आहे.”

“सरकारी?” ह्यांचा पेपर खाली आला. पेपर खाली आला म्हणजे प्रकरण गंभीर.

दुसऱ्या दिवशी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर विषय निघालाच. (मीच काढला.) एकींचा भाचा स्टुटगार्टला, त्यामुळे जर्मनीवर त्यांचा शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या, “इंटरनॅशनलमध्येच घाला हो.” रात्री ह्यांनी लाइट बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. वर्षाची फी 20,000 युरोंच्या घरात, म्हणजे वीसेक लाख. मग चष्मा पुसून पुन्हा मांडला. उत्तर तेच. “सरकारी शाळांतच खरी माणसं घडतात,” हे म्हणाले आणि झोपायला गेले.

मी म्हटलं, त्यापेक्षा मीच शिकवते, व्हिडिओ कॉलवर. तर तिथे पोराला शाळेत न घालता घरी शिकवायला कायद्यानेच मनाई आहे. इतकी वर्षं शेजारपाजारच्या पोरांची गणितं घेतली, कुणी दंडाची भाषा केली नव्हती.

शाळा घरावर ठरते, म्हणजे खरी निवड घराची. आणि तिथे घर मिळणं किती अवघड! पगाराच्या स्लिपा द्या, कर्जफेडीच्या इतिहासाचा दाखला द्या, मग घरमालक तुम्हाला बघणार. गंगापूर रोडला आपण घर बघतो, तिथे घर आपल्याला बघतं. अखेर एक मिळालं. मुलाने फोन फिरवून फिरवून दाखवलं. हॉल छान, बेडरूम छान. तिसऱ्या खोलीत नुसत्या चार भिंती आणि भिंतीतून डोकावणारे दोन नळ.

“हे काय?”

“स्वयंपाकघर.”

“ओटा कुठाय?”

“आधीचा भाडेकरू घेऊन गेला.”

ओटा, सिंक, कपाटं, सगळं उचकटून! तिथे ही सर्रास पद्धत आहे म्हणे. सुनेने महिनाभर बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले, हे मी ट्रॅकवर सांगितलेलं नाही.

मग दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद. दारावरच्या पेटीवर आडनाव चिकटवायचं, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो. आडनाव चिकटवलं, आणि खरोखरच नातवाच्या शाळेचं पत्र आलं. रांग नाही, ओळख नाही. मला जरा अपमानच वाटला.

चौथीची धास्ती मात्र तिथेही आहे. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियमचा, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेचा, सरळ रस्ता. त्यातही 1 म्हणजे सगळ्यांत उत्तम आणि 6 म्हणजे सगळ्यांत वाईट. उद्या नातवाला गणितात एक मिळाला, तर तो ट्रॅकवर सांगायचा कसा?

पण खरी गोम वेळेत निघाली. पहिलीचा वर्ग कधी सव्वाअकराला सुटतो, कधी सव्वाबाराला. दोघांची ऑफिसं संध्याकाळपर्यंत. दुपारी मुलं सांभाळणारी पाळणाघरं आहेत, पण जागा कमी आणि अर्ज ढीगभर. हे ऐकून मी सावरून बसले. चला, इथे तरी मारामारी आहे! डायरी उघडली. “आई, अर्ज ऑनलाइन असतो,” मुलगा म्हणाला. मिटली.

जागा मिळेपर्यंत कोण, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, म्हणजे एका आजीत भागत नाही. ह्यांनी सातपूरच्या कारखान्यासारख्या पाळ्या लावल्या: एक मी, एक पंचवटीच्या विहीणबाई. मी कॅलेंडर आणायला आत गेले, तेवढ्यात विहीणबाईंनी फोनवर सप्टेंबर ते डिसेंबर उचलला. शाळेचा पहिला दिवस त्यांचा, खाऊने भरलेला रंगीत कोन मिठीत धरलेल्या नातवाबरोबरचा फोटो त्यांचा. मला डिसेंबर ते मार्च.

“तुमचं नशीब बघा,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला बर्फ बघायला मिळणार!”